लहान धारेचे रनर

लंडनच्या हॅरो भागातल्या सायकल दुकानात ग्रीसचा वास आला, की स्कॉटलंडमधल्या एका स्की सेंटरचं वर्कशॉप आठवतं. दोन हजारच्या दशकातला एक हिवाळा मी तिथे मेकॅनिक होतो आणि माझा नागपूरचा मित्र जखमींना खाली आणणारी स्नोमोबिल चालवायचा. तिच्या पुढच्या दोन्ही स्कींखाली रनर असतो, म्हणजे पोलादी पट्टी. तिची धार बर्फात रुतते, म्हणून गाडी वळते. धार लांब असली की पकड घट्ट, पण हँडल जड. "अबे, खांदे गेले माझे. लहान धारेचे लाव ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "लावतो. पण बर्फ गोठणार असेल, तर आदल्या संध्याकाळी परत लांब धारेचे बसवीन." तो हसला. "फ्रीजमधला बर्फ पाहून आला, अन् मला शिकवतो!" दुपारच्या भुसभुशीत बर्फात गाडी एका हाताने वळत होती. तो गेल्यावर ऑफिसच्या फळ्यावर मी हवामानाचा अंदाज वाचला: रात्री कडक गोठणार. रनर बदलायला तासभर लागला असता. बोटं बधिर झाली होती. मी घरी गेलो. सकाळी पहिल्याच वळणावर गाडी वळली नाही. सरळ जाऊन खांबावर आदळली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीच्या फॉर्मवर मी लिहिलं, रनर चालकाच्या मागणीवरून बदलले. हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला, "बरोबर लिहिलं. बर्फ गोठणार हे तुला तरी कुठे ठाऊक होतं?" मी त्याच्या पांघरुणाकडे पाहत राहिलो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.