ज्याचं त्यानं लावायचं नाही

लढाईत गेलेल्यांची आठवण म्हणून लेस्टर कोझाकच्या गावात नोव्हेंबर लागला की सगळेच छातीवर पॉपीचं लाल फूल लावतात, दुकानातली पोरगी काय नि पाद्री काय. पण गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबाची रीत वेगळी. सैनिकानं आपलं फूल आपण लावायचं नाही, दुसऱ्या सैनिकानं टोचायचं. म्हाताऱ्यांची बोटं थरथरायला लागली तसं ते काम लेस्टरच्या गळ्यात पडलं. अठरा वर्षं केलं त्यानं. स्वतःचं फूल मात्र तो घरूनच, आरशासमोर लावून यायचा, कारण त्याला कुणी लावलंच नाही.

का, तर तो सायप्रसला शांतिसेनेत होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडी, हॉलंड बघून आलेल्या म्हाताऱ्यांच्या लेखी ती सहलच. "काय सायप्रस, उन्हातला रंग उतरला वाटतं?" त्यांतला विल्फ म्युअर दर वर्षी हेच विचारायचा आणि मर्डो पोट धरून हसायचा. लेस्टरही हसायचा. तिथे त्याच्या शेजारी गोळी लागून पडलेला सोबती त्यानं कधी कुणाला सांगितला नाही. त्याला वाटायचं, यंदा तरी कुणी म्हणेल, इकडे ये रे, तुझं लावू. मेल्यांनी एकदाही म्हटलं नाही.

मग एकेक करून सगळे गेले. मर्डो गेल्या मार्चमध्ये गेला. उरला एकटा विल्फ, तोही वृद्धाश्रमात. लेस्टरची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पार व्हँकूव्हरला. अकरा तारखेला, स्मरणदिनाच्या सकाळी तो आरशासमोर उभा राहिला, तर फूल लावायला हातच उठेना. आता विल्फनं लावलं तर लावलं. त्याच्यामागे लावणारं होतं कोण? दोन फुलं खिशात घालून तो निघाला.

विल्फ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. लेस्टरनं त्याच्या स्वेटरला फूल टोचलं. म्हाताऱ्यानं ते न्याहाळलं आणि हात पुढे केला.

"आण तुझं."

लेस्टर गुडघे टेकून त्याच्यासमोर बसला. पिन दोनदा सुटली, तिसऱ्यांदा कोटातून थेट छातीत घुसली. तो हलला नाही. चौकात स्मारकापाशी अकरा वाजताचा मानवंदनेचा बिगुल वाजत असेल. वाजू दे म्हणाला मनात.

"झालं," विल्फ म्हणाला. "मर्डो, एक बोलू?"

अहो, मी मर्डो नव्हे, हे अगदी ओठांवर आलं होतं. लेस्टरनं ते गिळलं.

"बोल की."

"तो सायप्रसवाला रे. सगळ्यांना लावायचा बिचारा. आपण त्याला कधी लावलं नाही. चुकलंच आपलं."

"हो," लेस्टर म्हणाला.

"भेटला तर सांगशील त्याला?"

"सांगतो."