रुमालाखालचा भाव

माझ्या नवऱ्याने तीस वर्षं सांगलीच्या बाजारात व्यापाऱ्यांसाठी हळद खरेदी केली. ते लागले तेव्हा भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. हात सुटला की भाव पक्का, मग तो फिरवायचा नाही. पुढे सगळं संगणकावर गेलं, पण ह्यांच्या डोक्यातून रुमाल काही गेला नाही. मी चिडवायची, "भाजीवालीची बोटं धरू नका म्हणजे मिळवली."

बाजार सोडल्यावर वर्षभरात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात दिसायला बरा झाला, पण बोटांतली जाणीव गेली ती गेलीच. शर्टाची बटणं मी लावायची. कप गरम आहे की गार, तेही त्यांना कळत नसे. "बाजारात कुणाला बोलू नगंस," म्हणाले आणि देवासमोर माझ्याकडून शपथ घेतली. बाजारातल्या दोस्तांना वाटायचं, गडी ठणठणीत झाला.

आम्हाला मूलबाळ नाही. वाटणीचं रान विकून आलेल्या पैशांचा एखादा गाळा घ्यायचा ध्यास ह्यांनी घेतला. "माझ्या माघारी भाडं तुझ्या हातात पडंल. कुणाच्या तोंडाकडं बघायला नगं." कराडला कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालू असलेला एक गाळा विकायचा होता. मालक ह्यांच्याच बाजारातला जुना अडत्या, आता मुलाकडे राहणारा. मुलाने फोनवरच सांगितलं, चाळीस लाखांच्या खाली देणार नाही, आणि आधी पैसे तयार असल्याचं बँकेचं पत्र दाखवा, मग भावाचं बोलू. टोकन देऊन कर्जासाठी वणवण करणारी दोन गिऱ्हाइकं त्याला आधी भेटली होती, त्यामुळे तो ताक फुंकून पीत होता.

हे भडकले. "तीस वर्सं माझ्या बोटावर लोकांनी पोती सोडली, आन् ह्यो पोरगा कागद मागतोय!"

"बोटांवर बँकेचा शिक्का नसतो," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.

पत्र मिळालं, चव्वेचाळीस लाखांचं. त्यातले एक्केचाळीस गाळ्याला, उरलेले मुद्रांक आणि नोंदणीला. एसटीत बसल्या बसल्या आम्ही ते चारदा घोकलं.

कराडला त्यांच्या घरी मुलाने पत्र दोनदा वाचलं. "बोला काका, किती देणार?"

अडत्या हसला. "ह्यो तोंडानं न्हाई बोलायचा. चाळीसाच्या पुढं किती, तेवढंच बोटानं सांगू दे. टॉवेल आण आतनं."

'आता कशाला जुनी थेरं' असं हसत म्हणायला हवं होतं. पण ह्यांचा चेहरा जसा उजळला होता, तसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. टॉवेलाखाली हात गेले आणि बाहेर आले.

"पंचेचाळीस! दिला गाळा," अडत्या खुशीत म्हणाला.

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एक बोट धरायचं होतं, मुठीत पंजा आला होता आणि ते त्यांना कळलंच नव्हतं. तरी म्हणाले, "व्हय. पंचेचाळीस."

मुलगा पत्राकडे बघत होता. "काका, ह्यात तर चव्वेचाळीसच आहेत. वर मुद्रांक, नोंदणी. चार लाख कमी पडतात. ते कुठून आणणार?"

मीच बोलले. "त्यांच्या बोटांना कळत नाही हो. झटका येऊन गेलाय. एकच बोट धरायचं होतं त्यांना."

अडत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवं वैनी, आदी सांगायचं न्हाई व्हय?" त्याने गाळा एक्केचाळीसला दिला. ह्यांचा तो हात हातात घेऊन, आजारी पोराला थोपटावं तसा थोपटला. मला ते बघवलं नाही.

परतताना इस्लामपूर गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "चार लाख वाचवलंस." रागावले असते तर मीही भांडले असते.

कराडची बातमी सांगलीत पोचायला वेळ लागला नाही. हे पुन्हा बाजारात गेले नाहीत. कुणी घरी आलं तर झोपलेत म्हणून सांगायला लावायचे आणि आत भिंतीकडे तोंड करून बसायचे. आठ महिन्यांनी गेले. डॉक्टरांच्या हिशेबी तो दुसरा झटका होता, माझ्या हिशेबी तिसरा.

भाडं दर महिन्याला वेळेवर येतं. जावा-नणंदा म्हणतात, बाई शहाणी, ऐन वेळेला बोलली. त्या दिवशी माझ्या हातात चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. तोळ्याचा भाव लाखाच्या घरात होता. त्या उतरवून त्या पोरासमोर पत्रावर ठेवल्या असत्या, तर ह्यांचा शब्द खरा झाला असता आणि हात झाकलेलाच राहिला असता. मला तेव्हा ते सुचलंच नाही. मी तोंड उघडलं.