उकळलेल्या सुईवर गंगाजल

गुरुजींनी तांब्या तिरका केला आणि माझ्या उकळलेल्या सुईवर गंगाजल ओतलं. "तू हिला शिवलीस ना, आता ही शुद्ध झाली. टोच."

आणि मी टोचली.

बनारसच्या ब्रह्मा घाटावरचं घर. गुरुजींची सून बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली, रोज पेनिसिलिन द्यायचं. मराठी नर्सच पाठवा, असा त्यांचाच आग्रह, म्हणून डॉक्टरांनी मला पाठवलं. दारातच आडनाव विचारलं. सांगितलं. त्यानंतर चूल मला बंद. ओसरीत माझा स्टोव्ह, माझं भांडं. काचेची सिरिंज आणि सुई वीस मिनिटं उकळायची, चिमट्यानं उचलायची. मग त्यावर त्यांचा तांब्या.

मला कळत नव्हतं असं नाही. नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आले होते मी. ज्या पाण्यात अख्खं बनारस न्हातं ते सुईवरून मांसात गेलं तर काय होतं, हे तोंडपाठ होतं. पण बोलले तर नोकरी जाईल, वर जात निघेल. तीन दिवस मूग गिळून बसले.

चौथ्या दिवशी सून कुशीवर वळताना कण्हली. कमरेखाली, सुई टोचली होती तिथंच, लिंबाएवढी गाठ. लाल, गरम.

"ताई, फार ठणकतंय हो."

त्या घरात मला ताई म्हणणारी ती एकटीच. आणि तिच्या अंगात पू झाला तो माझ्या हातानं. माझीच मला शिसारी आली.

मी सुई उकळली. गुरुजी तांब्या घेऊन आलेच. मी ट्रेवर हात आडवा धरला.

"थेंब पडला तर ही सुई मी टोचणार नाही."

"गंगेला घाण म्हणतेस? तू?"

"सुईवर पडली तर हो."

दुसरी नर्स आणतो म्हणाले. आणा म्हटलं, पण आजचं इंजेक्शन चुकलं तर ताप चढेल, ते तुमच्या डोक्यावर. मी हात हलवला नाही. शेवटी ते मागे सरले. मी दुसऱ्या बाजूला इंजेक्शन दिलं आणि तडक डॉक्टरांना घेऊन आले. गाठ चिरावी लागली. वाटीभर पू निघाला.

परतताना डॉक्टर म्हणाले, मोठी माणसं आहेत, माफी मागून टाक.

मागितली नाही. माझ्या शिवण्यानं कुणाला काही झालं नव्हतं. माझ्या गप्प बसण्यानं ती बाई मेली असती. त्या दिवसापासून मी उकळलेल्या सुईला कुणी हात लावायचा नाही. गुरुजींनी नाही, डॉक्टरांनी नाही. देवानंही नाही.