येतेय ना मी मागून

परवा सुधाला अग्नी देऊन निघालो, तेव्हा थोरला भाऊ कानाशी म्हणाला, "मागे वळून बघू नकोस." आणि डोंबिवलीच्या शाळेतला आमचा तालमीचा हॉल आठवला, शहाऐंशी-सत्याऐंशीचा, खिडकीतून येणाऱ्या केमिकलच्या आंबूस वासासकट.

ग्रीक कथेवरचं नाटक होतं. गायक मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणतो, पण अट एकच, वाटेत मागे बघायचं नाही. तो बघतो आणि ती कायमची जाते. मी गायक, सुधा बायको. आमचं लग्न व्हायचं होतं अजून. तिच्या पैंजणांचा आवाज जरा थांबला की मी घाबरून आधीच वळायचो. ती वैतागायची.

"अरे, एवढी कसली घाई? येतेय ना मी मागून."

परवा मी वळलो नाही. घरी आल्यावर दार लावायला मात्र हात धजेना.