आयसोलेशनवाले काका

"आयसोलेट केलंस?"

हा काकांचा पहिला प्रश्न. तुम्ही मिक्सर पुसायला घ्या, विहिरीवरच्या पंपाला हात लावा, नाहीतर बल्ब बदलायला स्टुलावर चढा. काका जवळपास असले की हा प्रश्न आलाच म्हणून समजा. "बटन बंद केलंय, काका," असं कुणी म्हणालं की ते कपाळावर हात मारून घेत. "बटन बंद केलंस रे, आयसोलेट खंय केलंस?" मग स्वतः उठून प्लग उपटत, सगळ्यांना दिसेल असा वर धरत आणि प्लग नि बोर्ड यांच्यामधल्या रिकाम्या जागेत दुसरा हात गोल फिरवत. "ही फट बघा. डोळ्यांक दिसता मां? ह्येका म्हणतत आयसोलेशन!"

देवगड-जामसंड्याच्या पट्ट्यात मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं वायरमनचं काम केलं. काका वीज मंडळात हेल्पर म्हणून लागलेले, शिक्षण बेताचं. पण कुठल्याशा जुन्या साहेबांनी एका प्रशिक्षणात हा शब्द त्यांच्या हातात दिला आणि काकांनी तो जन्मभर सोडला नाही. उच्चारताना छाती पुढे यायची. इतर कुठलाही इंग्रजी शब्द ते मोडूनतोडून बोलत, हा एवढा मात्र एकदम साहेबी थाटात.

काम करण्याची त्यांची एक पद्धत होती. डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतले, फ्यूज काढले की ते कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. स्वतःच्या कापडी पिशवीत घालायचे, पिशवी गळ्यात. माणूस खांबावरून उतरला, त्याने चप्पल घातली, पाणी प्यायलं, की मगच पिशवी उघडणार. एकदा मोठ्या साहेबांचा फोन आला, कुणा पाहुण्यांच्या घरी वीज नव्हती. ऑफिसशी बोलताना काका शुद्ध मराठीत शिरत. "साहेब, माणूस खांबावर आहे. फ्यूज माझ्या गळ्यात आहेत. पाहुण्यांना आंब्याखाली बसवा, वारा छान आहे." फोन ठेवला आणि माझ्याकडे वर बघून ओरडले, "रे मेल्या, हसतंस कित्याक? आवळ तो नट!"

त्यांचं हे तत्त्वज्ञान खांबापुरतं राहिलं असतं तर मी तुम्हाला हे सांगायला बसलोच नसतो. आमच्या वाडीत दोन सख्खे भाऊ हापूसच्या चार कलमांवरून भांडले. एकाच घरात राहून बोलेनासे झाले. सगळे म्हणाले, चला, शांत झाले. काका म्हणाले, "खंयचे शांत? ह्यो नुसतो स्विच ऑफ. कोनाचो धक्को लागलो की परत भडको!" आणि त्यांनी धाकट्याला चक्क नांदगावला बहिणीकडे आठ दिवस पाठवून दिलं. आठ दिवसांनी तो आला तो थोरल्यासाठी काजूचे गर घेऊनच. काका आठवडाभर फुशारकी मारत हिंडत होते. "मधी फट पडली, म्हणान दुरुस्ती झाली!"

आणि मग कोरोना आला. बघता बघता काकांचा शब्द टीव्हीवर, फोनच्या कॉलर ट्यूनमध्ये, पोराटोरांच्या तोंडी! काकांना आनंद आवरेना आणि रागही आवरेना. "आमचो शब्द न्हेल्यानी रे हेंनी! आता नीट वापरतत काय ता बघूया." गावच्या शाळेत आयसोलेशन सेंटर झालं. गुरुजींनी फळ्यावर सुबक अक्षरात 'विलगीकरण कक्ष' लिहिलं, तेव्हा काका पुढे मागे होऊन तो फळा तपासून आले. "शब्द बरो आसा, गुरुजी. पन जड. खांबार उभ्या मानसाच्यान बोलवचो नाय."

गंमत तिथेच संपली. मुंबईहून चाकरमानी आले, शाळेत राहिले, चौदा दिवस काढून घरी गेले तरी लोक त्यांच्याशी बोलेनात. दुकानदार लांबूनच हात हलवून 'संपलं' सांगायचा. एका बाईला तर सार्वजनिक विहिरीवरून परत पाठवलं. त्या संध्याकाळी देवळासमोरच्या पारावर काका जे उसळले, तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "ह्येका आयसोलेशन म्हणूचा नाय! ह्येका वाळीत टाकना म्हणतत! वाळीत टाकतत तेंच्या मनात परत जोडूचा नसता. आमी लायन तोडतंव ती जोडूसाठीच तोडतंव. लायनीर काय आमचो राग नसता!" दुसऱ्या दिवशी काका त्या बाईची कळशी स्वतः भरून घेऊन गेले. मग एकेक जण बोलू लागला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात काकीच आजारी पडल्या. त्याच शाळेत ठेवलं. ऑक्सिजन कमी, म्हणून हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन लावलेलं. आणि नेमकं तेव्हाच वादळ आलं.

किनाऱ्यावरच्या माणसाला वादळ सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आंब्याची कलमं आडवी, खांब आडवे, रस्ता कुठे ते कळेना. आम्ही झाडं तोडत, तारा ओढत निघालो आणि दुपारपर्यंत गावच्या डीपीपर्यंत वीज आणली! राहिले शाळेकडे जाणारे तीन खांब. शाळेत एका बागायतदाराचा जनरेटर धडधडत होता, त्याच्यावर काकींचं मशीन चालू होतं. पण जनरेटर रात्रभर चालून तापलेला, मधेच खोकल्यासारखा अडखळायचा. तो बंद पडला तर काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

काकांनी फ्यूज काढून पिशवीत घातले. मी पट्टा बांधून शाळेजवळच्या शेवटच्या खांबाला भिडलो.

"थांब. टेस्ट केलंस?"

"काका, फ्यूज तुमच्या गळ्यात आसत. काकी आत आसा. कशाक वेळ घालवतास?"

"खाली उतर."

बांबूच्या काठीला बांधलेला त्यांचा एक दिवा होता, साठ वॅटचा बल्ब नि त्याला दोन वायरी. तो त्यांनी वरच्या तारांना टेकवला. आणि बल्ब पेटला! रस्त्यावर जमलेली माणसं टाळ्या वाजवून ओरडली, "लायट इली रे, इली!" इकडे मी खांबापासून दोन पावलं मागे सरकलो. फ्यूज काढलेल्या, तुटलेल्या तारेत वीज होती, आणि मी तिलाच हात घालायला निघालो होतो.

काकांनी क्षणभर डोळे मिटले, मग तार नजरेने धरून तिच्या मागे मागे चालत गेले, थेट शाळेच्या पन्हाळीखाली. शाळेचा विजेचा बोर्ड पावसात भिजला म्हणून जनरेटरवाल्यांनी घाईघाईत वायरी मेन स्विचच्या आधीच, खांबावरून येणाऱ्या तारेला जोडल्या होत्या. जनरेटर शाळेला वीज देत होता आणि उलट खांबालाही देत होता. चांगुलपणाने केलेली चूक! आमच्याकडे दर वादळानंतर कुठे ना कुठे ही होतेच.

उपाय सोपा होता. खांबाकडून येणारी तार पन्हाळीखाली तोडायची, म्हणजे शाळा नि जनरेटर एका बाजूला, खांब दुसऱ्या बाजूला. पण तेवढ्यापुरता जनरेटर बंद करावा लागणार होता. मशीन बंद. एकमेव सिलिंडर दुसऱ्या पेशंटला लावलेला. नर्सबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं काढतील कशीबशी. जास्त नको."

मी म्हटलं, "काका, ऱ्हवांदे. मी रबरी हातमोजे घालून वर चढतंय, चालूच तार बांधतंय."

काकांनी माझ्या हातातले मोजे काढून घेतले. शाळेला वळसा घालून पलीकडच्या खिडकीकडे गेले. आम्हाला इकडून ती खिडकी दिसत नव्हती. लगेच परत आले. "ती म्हणता, बंद कर. कायएक काळजी नको. चल, शिडी लाव."

जनरेटर थांबला. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी शिडीवर चढलो, तार तोडली, टोक गुंडाळलं. माझ्या हातांवर नजर न ठेवता काका कुठे गेले असतील असं त्या सहा वर्षांत एकदाच झालं. ते परत खिडकीपाशी जाऊन उभे होते. "झाला!" मी ओरडलो. जनरेटरवाल्याने दोरी ओढली. नाही. परत ओढली. नाही! तिसऱ्यांदा ओढताना दोरीच हातात आली. नर्सबाई दारात येऊन घड्याळ बघत होत्या. दोरी परत गुंडाळली, दोघांनी मिळून ओढली आणि जनरेटर धडधडला. आम्ही सगळे एकदम ओरडलो, देवाचं नाव घेतलं की शिवी दिली ते आठवत नाही.

मग मी बिनधोक खांबावर चढलो आणि तासाभरात शाळेपर्यंत खरी वीज आली. काकी वाचल्या. बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा वाडीतली झाडून सगळी माणसं ओवाळायला हजर, विहिरीवरून परत पाठवलेली ती बाई सर्वांत पुढे.

काका पुढे निवृत्त झाले आणि गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले. आता माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत आणि फ्यूजची पिशवी माझ्या गळ्यात असते. परवा त्यांच्या वाडीत काम निघालं म्हणून काकींकडे डोकावलो. चहा देता देता त्या अचानक म्हणाल्या, "एक सांगू तुका? तेवा खिडकीतना मी हात हलवलंय, तो 'बंद कर' म्हणान नाय हलवलंय. 'नको, नको' म्हणी होतंय. माका लय भियां वाटलेला रे."

मी कप खाली ठेवला. "काकांका समाजला नाय?"

"समाजला तर! चाळीस वर्सां संसार केल्यानी. डोळे भरान इले तेंचे. आणि तसेच वळले नि तुमका जावन सांगल्यानी, ती हो म्हणता." काकींनी कप परत माझ्याकडे सरकवला. "घराक इलंय तेवा माझ्यासमोर बसले. म्हणाले, 'तू नको म्हणी होतंस, माका समाजलेला. पन खांबार दुसऱ्या आवशीबापाशीचो झील चढतलो होतो.'"

"मग तुमी काय म्हटलात?"

"काय म्हणतलंय? पंधरा दीस बोलाक नाय तेंच्याशी." त्या हसल्या. "सोळाव्या दिसाक तेंकाच बाजारात धाडलंय, सुरमई हाडूक सांगलंय, आणि तुका जेवक बोलावलंय. आठवता तुका?"

आठवलं. त्या दिवशी मी सुरमईची तिसरी तुकडी मागून घेतली होती.