चुनखडीच्या रानातलं रीळ

मी चौथीतून शाळा सोडली, पण गावच्या सोसायटीचा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्यावर पहिला ड्रायव्हर मीच बसलो, हे आधी सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळाच्या पुढचा चैत होता. रानात काम न्हवतं, ट्रॅक्टर नुसता उभा. चेअरमनला म्हणलं, डिझेल माझं, घरच्यांना येरमाळ्याच्या जत्रंला नेऊन आणतो. त्यांनी मान हलवली.

ट्रॉलीत गोधड्या टाकल्या. वर आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, बायको, तिच्या मांडीवर तान्हं पोरगं, आणि सोलापूरहून आलेले दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. दाजी फोटो स्टुडिओत कामाला. हलती चित्रं काढायचा कॅमेरा त्यांनी मालकाकडनं मागून आणला होता, आणि तो हौसेखातर न्हवे. माझी सासू सोलापूरच्या दवाखान्यात क्षयानं पडून होती. डॉक्टरनं बजावलेलं, तान्ह्या पोराला जवळ आणायचं नाही. पोर अंगावर पिणारं, त्याला ठेवून बायकोलाही जाता येईना. सासू दाजीला एवढंच म्हणाली होती, "लेकीचं नि नातवाचं हसतं तोंड एकदा दाखवा."

तेरखेडा मागं पडल्यावर मी ट्रॅक्टर लिंबाखाली घेतला. दाजीनं कॅमेरा डोळ्याला लावला, तशी बायको पाठ करून बसली.

"वैनी, इकडं बघा की. तुमच्या आईला काय पदराचा काठ दाखवू?"

ती आणखीच वळली. समोर आबा बसलेले. सासऱ्यादेखत सुनेनं तोंड वर करायचं नाही, थोरांसमोर आपल्या लेकराचे लाड करायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. आबांसमोर मीसुद्धा पोराला तोवर कधी उचललं न्हवतं. त्यांना जरा बाजूला व्हा म्हणणं तर लांबच. बायकोबद्दल बापाशी बोलायची पद्धतच न्हवती. दाजी माझ्याकडं बघायचे, मी स्टेअरिंगकडं.

"रीळ लई थोडं हाय मेव्हणं," दाजी हळूच म्हणाले. "असंच पदराचं चित्र काढण्यात संपायचं."

येरमाळ्याला जत्रंत चुनखडीच्या रानात पाच खडे वेचून ढिगावर टाकायची रीत आहे. आबांनी खडे टाकले, हात जोडले. दाजीनं परत कॅमेरा काढला. बायकोची मान परत खाली. आबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडं.

"माझं खडं ऱ्हायलंत," ते म्हणाले.

"आत्ताच टाकलं की मामा तुमी," दाजी म्हणाले.

"ते माझ्या नावचं. व्याहीणबाईच्या नावचं कोण वेचणार? ती काय दवाखान्यातनं येतीया व्हय?" मग माझ्याकडं न बघताच बोलले, "पोरगं उन्हात हाय. बापानं घ्यावं जरा."

असं म्हणून म्हातारा ताडताड चालत पार बांधापर्यंत गेला, आमच्याकडं पाठ करून वाकला आणि खडे वेचत राहिला.

मी पोराला घेतलं. त्यानं लगेच माझा धुवट सदरा भिजवला. बायको खळखळून हसली. लग्नानंतर उजेडात तिला तसं हसताना मीही पहिल्यांदाच बघितलं. दाजी म्हणत होते, "हां, वैनी, अशाच ऱ्हावा." पोरानं तिचं डोरलं धरून ओढलं, तेही त्यात आलं. आबा काही वळले नाहीत. दाजीनं "मामा, झालं" म्हणून हाक मारली तेव्हा कुठं कंबर धरून सरळ झाले.

दवाखान्यात दाजीनं भिंतीला चादर बांधून रीळ दाखवलं. सासूनं ते परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना म्हणाली, "मागं वाकलाय त्यो कोण?"

"तुमचं व्याही. तुमच्या नावचं खडं वेचाय लागलेत."

तिनं पडल्यापडल्या चादरीला हात जोडले, असं दाजी सांगायचे. आखाडात ती गेली. पण तोंडं बघून गेली.

आबाही पुढं गेले. त्यांचा फोटो कधी निघालाच न्हवता. पोरं म्हणाली, चित्रकाराकडनं अंदाजानं काढून घेऊ. मी म्हणलं, अंदाजाचं तोंड मला नको. दाजीकडनं त्या रिळातनं तेवढीच पाठ काढून घेतली, मोठी केली, आणि देवळीच्या वर लावली. पाहुणे येतात, म्हणतात, हे असं पाठमोरं कुणी लावतं का? मी म्हणतो, आमच्यात लावतात, बसा.