वाढलेल्या गोळ्या

माझ्या मावशीचं काचसामानाचं दुकान आहे. कप, बशा, पेले, बरण्या. अशा दुकानात रोज काही ना काही फुटणारच. पण मावशीच्या राज्यात फुटण्याला बंदी होती. कप हातातून सुटला की तो 'वाढला'. घरातली साखर संपली की तीही 'वाढली'. अशुभ तोंडातून काढू नये म्हणून जुन्या बायका असं बोलायच्या. मावशीने ते अंगात मुरवून घेतलं होतं. धंदा कसा आहे विचारलं की "झकास". दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी झकासच. अख्खा बाजार तिला झकासमावशी म्हणायचा.

मला कधीकधी तिचा रागच यायचा. माणसाने एखाद वेळी रडावं की. तसं बोलूनही दाखवलं, तर पेला पुसता पुसता तिने मलाच विचारलं, की रडून हा पेला स्वच्छ होणार आहे का.

काका, म्हणजे तिचे यजमान, गल्ल्यावर बसायचे. विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत आणि विचारलं तरी मान हलवून भागवायचे. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनं. रक्त पातळ ठेवणारी गोळी मावशी रोज सकाळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ते ती निमूट गिळायचे. गोळ्या आणायचं काम सूनबाईकडे होतं, कारण तिच्या ऑफिसखालीच औषधांचं दुकान होतं. मुलगी गुणी, पण नुकतीच लग्न होऊन आलेली आणि सगळं बालपण वसतिगृहात काढलेली.

एका सकाळी मावशीने तिला ऑफिसात फोन केला.

"ह्यांच्या गोळ्या वाढल्यात गं."

सूनबाईला वाटलं, घरात जास्तीच्या साठल्यात, आता आणू नकोस म्हणून सांगताहेत. "बरं आई," म्हणून ती कामाला लागली.

हे सगळं मला नंतर कळलं. संध्याकाळी ती रिकाम्या हाताने आली तेव्हा मावशीला खटकलं, पण दमून विसरली असेल, उद्या आणेल, असं तिने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवण करून द्यावी, तर नव्या सुनेला टोचल्यासारखं व्हायचं. समोरच्याचं चांगलंच बघायचं हा तिचा हट्ट. काकांनी एकदा रिकामा तळहात पुढे केला, तेव्हा "येताहेत हो" म्हणाली. काकांनी हात मागे घेतला. असेच बरेच दिवस गेले.

मग एका दुपारी पेल्यांचा खोका बांधताना काकांच्या हातून सुतळी सुटली आणि पाठोपाठ ते स्वतःही खुर्चीतून कलले.

दवाखान्यात माझ्यासमोरच डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की गोळ्या कधीपासून बंद आहेत. बंद कशा असतील, सूनबाई म्हणाली, घरात तर भरपूर आहेत.

"आईंनीच सांगितलं ना, गोळ्या वाढल्यात म्हणून."

मावशी सुनेकडे नुसती बघत राहिली. तिला उमगायला थोडा वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"संपल्या होत्या," मावशी म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

काका वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला आणि जीभ जड झाली. घरात सून स्वतःला दोष द्यायची, मावशी स्वतःला, आणि दोघी एकमेकींशी जपून जपून बोलायच्या. ते ऐकवत नसे. बाजारात कुणी "कसं काय, मावशी?" विचारलं तर ती "आहे" एवढंच म्हणायची. ज्या 'झकास'चा मला राग यायचा, तो गेल्यावर मला त्या दुकानात बसवेना.

एका सकाळी मी त्यांच्याकडे होते. काकांनी हट्टाने उजव्याच हाताने चहा उचलला आणि कप फरशीवर पडला. त्यांनी मान खाली घातली. सूनबाई आतून धावत आली.

"वाढला, आई," ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली. "काही नाही, वाढला."

मावशी खाली बसून तुकडे वेचायला लागली.

"फुटला म्हण," ती म्हणाली. "ह्यांचा हात चालत नाही, म्हणून फुटला."

मावशी तुकडे वेचता वेचता रडत होती, मनगटाने नाक पुसत, लपवाछपवी न करता. सगळे तुकडे गोळा झाल्यावर ती उठली आणि सुनेकडे वळली.

"दुकान भरलंय कपांनी. जा, मोठ्या कानाचा एक घेऊन ये. डाव्या हातात बसेल असा."